गावाचे करमणूक केंद्र : बांधावे कसे, टिकवावे कसे?

दिवसभर संत्र्याच्या बागेत वा कपाशीच्या शेतात राबणाऱ्या माणसाला सायंकाळी विसाव्याची जागा हवी असते. भजन, वाचनालय, महिलांची सभा, तरुणांचे खेळ या सर्वांना एक छप्पर मिळावे, म्हणून समाजमंदिर बांधले जाते. परंतु ज्या इमारतीच्या दुरुस्तीचा विचार आरंभी झालेला नसतो, तिला पुढे कुलूप लागते किंवा तिचे कोठार बनते. कारंजा (घाडगे) तालुक्यातील ज्या गावांना असे केंद्र उभारावयाचे असेल, त्यांनी पाया खोदण्यापूर्वीच ही गोष्ट ध्यानात घ्यावी.

याचा उत्तम धडा वर्धा जिल्ह्यातच आहे. सेवाग्राम येथील आदिनिवास १९३६ साली बांधला गेला. खर्च ५०० रुपयांच्या वर जाऊ नये आणि साहित्य व कारागीर जवळपासचेच असावेत, अशी गांधीजींची अट होती. माती, लाकूड, बांबू व कवेलू यांची ती वास्तू वेळोवेळच्या डागडुजीमुळे आजही उभी आहे. जे साहित्य गावात मिळते, त्याची दुरुस्तीही गावाला करता येते, हे त्यातील मर्म होय.

जागा : काळी जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, त्यायोगे भिंतींना तडे जातात. म्हणून मुरमाड व उंच जागा निवडावी.

बांधणी : इमारतीची लांबी पूर्व-पश्चिम असावी. उत्तर व दक्षिण बाजूंस समोरासमोर खिडक्या आणि रुंद ओसरी ठेवावी. पश्चिमेस कडुनिंब लावल्यास वैशाखातील दुपारचे ऊन भिंतीवर येत नाही.

पाणी : १०० चौरस मीटर छपरावर १ सेंटिमीटर पाऊस पडला, तर १,००० लिटर पाणी होते. ते पन्हळीने शोषखड्ड्यात नेऊन जिरवावे.

व्यवस्था : महिला, तरुण व वृद्ध यांची समिती नेमून प्रत्येकाची वेळ ठरवावी. महिलांच्या सोयीची वेळ प्रथम ठरवावी. अन्यथा केंद्र केवळ पुरुषांचे होऊन बसते. दरवर्षी सुगीनंतर प्रत्येक घराने थोडी वर्गणी द्यावी आणि मृगापूर्वी श्रमदानाने कवेलू फेरावेत.

ग्रामसेवकांनी आराखडा ग्रामसभेपुढे ठेवताना खर्चाच्या आकड्याबरोबर दुरुस्तीची जबाबदारीही लिहून घ्यावी. गावाने स्वतः राखलेली वास्तूच गावाची होते.