हुकूम कळला नाही, तर काय करायचं?

 

आपण सर्व्हरवरच्या सॉफ्टवेअरला सेटिंगच्या फाइलमधून हुकूम देतो. त्यातली एखादी ओळ चुकली, तर त्यानं काय करावं? ओळ सोडून पुढे जावं, की थांबावं?

२०१७ सालचं उदाहरण घ्या. लिनक्समध्ये सिस्टमडी नावाचा प्रोग्राम बाकीच्या सेवा सुरू करतो. कोणती सेवा कोणत्या युजरच्या नावानं चालवायची, हे फाइलमध्ये लिहिता येतं. तिथे '०डे' असं अंकानं सुरू होणारं नाव लिहिलं, की ते सिस्टमडीच्या नियमात बसत नसे. मग तो लॉगमध्ये इशारा नोंदवी, ओळ सोडून देई आणि सेवा सुरू करी. पण ती ओळ नसेल, तर सेवा रूटच्या, म्हणजे सर्वाधिकाऱ्याच्या नावानं चालते! अधिकार कमी करायला लिहिलेली ओळ, आणि मिळाले सगळेच अधिकार. अशा सेवेत कोणी घुसला, तर अख्खी मशीन त्याच्या ताब्यात.

ओळ सोडून देण्यामागेही विचार असतो. नव्या आवृत्तीसाठी लिहिलेली फाइल जुन्या आवृत्तीवर अडू नये. सोयीच्या सेटिंगला हे ठीक आहे.

पण फौजेत गेटवरच्या संतरीला 'यादीतल्यांनाच आत सोड' असं सांगितलं आणि यादी वाचता आली नाही, तर तो सगळ्यांना आत सोडत नाही. गेट बंद ठेवतो आणि गार्ड कमांडरला बोलावतो. सॉफ्टवेअरनंही हेच करावं. रोखणारी ओळ कळली नाही तर थांबावं, आणि कोणत्या फाइलमधली कितवी ओळ चुकली, ते स्पष्ट सांगावं. सिस्टमडीतही पुढे हाच बदल झाला. त्यानंतर नियमात न बसणारं नाव दिसलं की सेवा सुरूच होत नाही.

थांबण्यालाही किंमत आहे. दूरच्या सर्व्हरवर लॉगिनची सेवाच उठली नाही, तर आपणच बाहेर. म्हणून तपासणी आधी करा. 'एसएसएचडी -टी' किंवा 'एनजिनएक्स -टी' ही आज्ञा सेवा रीस्टार्ट करण्यापूर्वीच चूक दाखवते. सुडोची फाइल 'विसुडो'नंच उघडा. सेव्ह करताना ते ती तपासतं.

आणि सेवा सुरू झाली म्हणून निर्धास्त होऊ नका. लॉग वाचा, ती कोणाच्या नावानं चालली आहे ते 'पीएस'नं पाहा.

जय हिंद.