बॉक्स खोलायचा नाही

अमेरिकेत वॉरंटीतल्या गाडीचं काम केलं की कंपनीकडून पैसे मिळवण्यासाठी डीलरला जॉब कार्डावर तीन गोष्टी लिहाव्या लागतात. तक्रार काय, कारण काय सापडलं आणि दुरुस्ती काय केली. तक्रार सर्व्हिस ॲडव्हायझर लिहून घेतो, उरलेल्या दोन गोष्टी मेकॅनिकने लिहायच्या. गेल्या हिवाळ्यात मिशिगनमधल्या एका डीलरच्या वर्कशॉपमध्ये मी एका कार्डाचा प्रवास पाहिला. तक्रार दोन मिनिटांत लिहून झाली. दुरुस्तीची ओळ भरायला महिना उलटला. कारणाच्या ओळीत जे लिहिलं गेलं, त्याला कारण म्हणायला मी तयार नाही.

गाडी माझ्या मित्राची. तो मूळचा नाशिकचा, इथे बंपरच्या प्लास्टिकवर काम करतो. मुलगी कॉलेजला गेली आणि याने दोन सीटची, पाठीमागे इंजिन असलेली कोरी स्पोर्ट्स कार घेतली. कुठल्या कंपनीची ते सांगत नाही, डीलरचं नावही नको. काही महिन्यांतच गाडी सकाळी थंड असताना पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गचके मारू लागली. गरम झाली की साळसूद. वर्कशॉपमध्ये पिवळ्या पट्ट्याच्या आत गिऱ्हाइकाला येऊ देत नाहीत, विम्याची अट असते. मी गिअरबॉक्सचे भाग बनवणाऱ्या एका पुरवठादाराकडे नोकरी करतो आणि या वर्कशॉपमधल्या ट्रान्समिशनच्या मेकॅनिकशी माझी जुनी ओळख आहे, म्हणून चष्मा लावून कोपऱ्यात उभं राहायची मुभा मिळाली.

या गाड्यांत आता बहुतेक ड्युअल क्लच असतो. एक क्लच एक-तीन-पाच-सात सांभाळतो, दुसरा दोन-चार-सहा-आठ. उखळात दोघीजणी आळीपाळीने मुसळ घालतात तसं: एकीचं खाली पडतंय तोवर दुसरीचं उचललेलं. तुम्ही तिसऱ्यात असता तेव्हा चौथा आधीच जुळवून ठेवलेला असतो, फक्त क्लच बदलायचा. ही कल्पना 1930 च्या दशकाच्या अखेरीला फ्रान्समध्ये ॲडॉल्फ केग्रेसने मांडली. पोर्शने ती 1980 च्या दशकात शर्यतीच्या गाड्यांत वापरून पाहिली, आणि 2003 मध्ये फोक्सवॅगन गोल्फ आर 32 मधून ती बाजारात आली. निसानची जीटी-आर 2007 ची, पोर्शच्या 911 मध्ये पीडीके नावाचा ड्युअल क्लच गिअरबॉक्स आला 2008 मध्ये, फेरारी कॅलिफोर्नियाही त्याच वर्षीची. दोन दांडे एकात एक घातलेले, त्यावर गिअरांच्या जोड्या, त्यांना सरकवणारे फोर्क, फोर्क सरकवायला तेलाचा दाब, दाबाला व्हॉल्व्ह आणि या सगळ्यांवर लक्ष ठेवायला सेन्सर. पायाने क्लच दाबणारा माणूस काढून टाकायचा तर एवढा संसार मांडावा लागतो.

पहिल्या खेपेला मेकॅनिकला काही आढळलं नाही, आणि त्यात त्याचा दोष नव्हता. गाडी सकाळी सातला आली, ॲडव्हायझरने ती आवारात इकडून तिकडे दोनदा हलवली, आणि मेकॅनिकच्या हातात अकराच्या सुमाराला पडली तेव्हा ती कोमट होती. त्याने लॅपटॉप जोडला, बिघाडाचा एकही कोड साठलेला नव्हता. रस्त्यावर फेरी मारली, गाडी लोण्यासारखी चालली. कार्डावर ‘तक्रार आढळली नाही’ असं लिहून त्याने चावी परत दिली. दुसऱ्या खेपेला त्याने शहाणपणाने गाडी रात्रभर बाहेर उभी ठेवायला लावली आणि सकाळी स्वतः येऊन सुरू केली. गचका बसला. पण पडद्यावर कोड नाही, आणि कोड नसेल तर कंपनीच्या लेखी बिघाड नाही. मग सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घातली. हे बहुतेक कंपन्यांचं पहिलं औषध, कारण त्याला सुटा भाग लागत नाही. दोन आठवडे बरे गेले. मग एका संध्याकाळी महामार्गावरून उतरताना गाडी एकाच गिअरात अडकली, पडद्यावर सूचना झळकली आणि टो ट्रक बोलवावा लागला. मित्र हळहळत होता. मेकॅनिक मात्र खूश झाला. “आता माझ्याकडे कोड आहे,” म्हणाला.

त्याच्या खुशीमागे पगाराचा हिशेब होता. इथले मेकॅनिक बहुधा ठरलेल्या तासांवर काम करतात. प्रत्येक कामाला पुस्तकात तास लिहिलेले असतात, लागले कितीही तरी पैसे तेवढेच. वॉरंटीच्या कामाचे तास कंपनी ठरवते आणि ते रोख गिऱ्हाइकाच्या कामापेक्षा पुष्कळदा कमी असतात. न सापडणारा गचका शोधण्यात गेलेली सकाळ जवळपास फुकट. हत्यारंही त्याची स्वतःची, माणसाच्या उंचीच्या लाल पेटीत, आणि त्यातल्या काहींचे हप्ते अजून चालू. बाजूच्या रॅम्पवर दुसरा पोऱ्या ब्रेक पॅड बदलून दुपारपर्यंत याच्या दुप्पट तास कमावतो. गिऱ्हाइकांना वाटतं, मेकॅनिक आळशी आहे. मला वाटतं, चांगल्या निदानाला या पद्धतीत दंड आहे.

कोड मिळाला म्हणून गिअरबॉक्स खोलता येत नाही. आधी कंपनीच्या तांत्रिक मदतकक्षाला फोन, केस नंबर, गाडीतून उतरवलेली फाइल पाठवणं, मग वाट. उत्तर आलं: अमुक कनेक्टर तपासा, फोटो पाठवा. पाठवले. पुन्हा वाट. इतक्या किमतीचा भाग बदलायचा तर आगाऊ मंजुरी लागते, ती वेगळ्याच टेबलावरून येते. फाइलमध्ये फक्त बिघाड नसतो, मालकाची वागणूकही असते. लाँच कंट्रोल, म्हणजे उभ्या गाडीची जोरदार सुरुवात, किती वेळा वापरला, इंजिन मर्यादेबाहेर फिरलं का, बाहेरून सॉफ्टवेअर बदललं का. पोर्शच्या अलीकडच्या गाड्या इंजिनच्या अतिवेगाची नोंद सहा पट्ट्यांत ठेवतात. जीटी-आर अमेरिकेत नवी होती तेव्हा स्थैर्य नियंत्रण बंद करून जोरदार सुरुवात करणाऱ्या काही जणांचे बॉक्स गेले आणि वॉरंटी नाकारली गेली. पुस्तिकेत लिहिलं होतं की ते नियंत्रण बंद करायचं बटण चिखलात किंवा बर्फात रुतल्यावर वापरायचं. पुढे सॉफ्टवेअर बदलून ती सुरुवात मवाळ केली. ज्या करामतीचे व्हिडिओ बघून लोक गाडी घेतात तीच पुस्तिकेत गैरवापर ठरावी, हे मला कधी पटलेलं नाही. 1975 च्या मॅग्नसन-मॉस कायद्याने इतकं तरी केलंय की बाहेरचा फिल्टर बसवला एवढ्यावरून कंपनीला सबंध वॉरंटी झटकता येत नाही.

मंजुरी आली ती नव्या बॉक्सची. जुना खोलून बघायची नाही.

उतरवण्याचं काम मात्र बघत राहावं असं होतं. गाडी दोन खांबांच्या लिफ्टवर चढली. मागची चाकं, चाकांमागचं प्लास्टिक, पोटाखालचे पत्रे, सायलेन्सर, ॲक्सल शाफ्ट एकेक करून सुटले. निघालेले बोल्ट तो ट्रेमध्ये ज्या जागचे त्या क्रमाने मांडत होता, पण त्यातले काही सरळ कचऱ्यात जात होते. ते घट्ट करताना ताणले जातात, पुन्हा भरवशाचे राहत नाहीत. मग चाकांचं टेबल खाली सरकवलं आणि इंजिन, गिअरबॉक्स आणि त्यांना धरणारी चौकट त्यावर टेकवून मोठे बोल्ट सोडले. यानंतर इंजिन खाली येत नाही, गाडी वर जाते. लिफ्टचं बटण अर्धा सेकंद दाबायचं, थांबायचं, टॉर्च घेऊन सगळीकडून फेरी मारायची, कुठे वायर अडकलीय, कुठे पाइप ताणतोय ते बघायचं, पुन्हा अर्धा सेकंद. या वेळात तो कोणाशी बोलला नाही. फोन वाजला तो वाजू दिला.

नवा बॉक्स प्लास्टिकच्या पेटीत, प्रत्येक भोकाला रंगीत टोपी. जुना त्याच पेटीत परत जायचा, त्याच टोप्या लावून. टोपी काढल्यापासून पाइप जोडेपर्यंत त्याने आजूबाजूला कोणाला हवेची बंदूक चालवू दिली नाही, कारण व्हॉल्व्हमधली फट केसापेक्षा बारीक असते आणि कापडाचा धागासुद्धा तिथे अडकतो. तेल भरण्यातही थंड पातळी चालत नाही. इंजिन चालू ठेवून तेल ठरावीक तापमानाला आणायचं, बाजूचा प्लग सोडायचा, बाहेर येणारी धार थेंबांवर आली की बंद करायचा. मग लॅपटॉपवरून बॉक्सला शिकवणं. प्रत्येक फोर्क या टोकाहून त्या टोकाला जातो, टुक टुक आवाज येतो, कुठे थांबायचं ते कॉम्प्युटर टिपून घेतो. दोन्ही क्लच नेमके कुठे चावायला लागतात तेही. शेवटी रस्त्यावर सावकाश चढते-उतरते गिअर, आणि परत आल्यावर चाकांचं अलाइनमेंट. एवढं निगुतीने काम करणाऱ्या माणसाला आत काय मोडलं होतं ते बघायला मिळालं नाही.

मी विचारलं, “तुला जाणून घ्यावंसं वाटत नाही?”

“पूर्वी वाटायचं,” तो म्हणाला. वीस वर्षांपूर्वी याच रॅम्पशेजारच्या बाकावर तो ऑटोमॅटिक बॉक्स खोलायचा, क्लच प्लेटी मोजायचा. बाक अजून आहे. त्यावर आता फिल्टरचे खोके असतात.

कंपनीची बाजू मला ठाऊक आहे, कारण परत गेलेले बॉक्स जिथे खोलतात तसल्या टेबलाशी मी उभा राहतो. शंभर दुकानांत शंभर हातांनी खोललेल्या बॉक्सांतून काही शिकता येत नाही. एका जागी, एका पद्धतीने खोलले तर येतं. तेल गाळून धातूचा कीस बघतात, बॉक्स चाचणीच्या यंत्रावर फिरवतात. पुष्कळदा आतलं लोखंड ठणठणीत निघतं आणि दोष एखाद्या स्वस्त सेन्सरचा किंवा कनेक्टरचा असतो. कधी काहीच निघत नाही. ही माहिती पुढच्या वर्षीच्या डिझाइनला पोचते, नशीब असेल तर सॉफ्टवेअरच्या पुढच्या आवृत्तीलाही. मेकॅनिकला पोचत नाही, आणि ज्याचा बॉक्स होता त्या माणसाला तर नाहीच. बदललेल्या बॉक्समध्ये तोच सेन्सर असेल का, या मित्राच्या साध्या प्रश्नाला त्या इमारतीत उत्तर देऊ शकणारं कोणी नव्हतं.

वर्षानुवर्षं पोर्शचे डीलरही पीडीके आतून दुरुस्त करत नसत, सबंध बदलत. वॉरंटीत असताना ही चैन वाटते. वॉरंटी संपल्यावर त्याच नियमाने एका सेन्सरसाठी सबंध बॉक्सचं बिल येतं. पुण्यात हे उलटं चालतं. चाकणला बनलेली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय 2013 मध्ये आली, सात गिअरांचा, कोरड्या क्लचचा बॉक्स घेऊन. वॉरंटी संपलेल्या गाड्यांसाठी शहरात लहान गॅरेजं तयार झाली, जिथे बॉक्सचा मेंदू असलेला मेकॅट्रॉनिक हा भाग खोलतात, दाब साठवणाऱ्या डब्याशी तडा गेलेलं ॲल्युमिनियमचं घर दाखवतात, पोलादी पट्टी बसवून देतात. तिथे धूळ असते आणि लेखी हमी नसते. पण मालकाच्या हातावर तो तडकलेला तुकडा ठेवतात. याच कुळातल्या बॉक्सांमुळे 2013 मध्ये चीनमध्ये 3,84,181 गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या, आणि तिथे वॉरंटी दहा वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटर झाली. गाड्या परत बोलावण्याआधी दूरचित्रवाणीवर बोभाटा व्हावा लागला होता.

ऑस्ट्रेलियात तर प्रकरण कोर्टात गेलं. फोर्डच्या पॉवरशिफ्ट बॉक्सच्या थरथरीबद्दल गिऱ्हाइकांना सांगितलं जाई की तुमची चालवण्याची पद्धत चुकते. कंपनीला दोष माहीत होता. 2018 मध्ये फेडरल कोर्टाने एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. ‘तुमची पद्धत’ हे वाक्य मित्रालाही पहिल्या खेपेला ऐकवलं होतं, अगदी हसतमुखाने.

तेव्हापासून त्याने कागद जपायला सुरुवात केली. सदोष नव्या गाडीबद्दलचा पहिला ‘लेमन’ कायदा 1982 मध्ये कनेटिकटने केला. मिशिगनच्या कायद्यात एकाच दोषासाठी चार दुरुस्त्या किंवा एकूण तीस दिवस गाडी दुकानात, असा मापदंड आहे, आणि हक्क सांगण्याआधी कंपनीला लेखी कळवून शेवटची संधी द्यावी लागते. म्हणजे ‘आढळलं नाही’ म्हणून परत दिलेल्या खेपेचाही कागद मागून घ्यायचा. तोंडी भेट मोजली जात नाही.

गाडी घ्यायला मी त्याच्याबरोबर गेलो. ॲडव्हायझरने छापील कार्ड पुढे सरकवलं. कारण: ट्रान्समिशनमध्ये अंतर्गत बिघाड. दुरुस्ती: असेंब्ली बदलली. मित्राने ते वाचलंच नाही, त्याचं बोट वरच्या कोपऱ्यातल्या तारखेवर होतं. कार्डावर गाडी आल्याची तारीख होती ती मेकॅनिकने प्रथम हात लावला त्या दिवसाची. त्या हिशेबाने 26 दिवस होत होते. टो ट्रकच्या पावतीप्रमाणे 35. त्याने खिशातून पावती काढून टेबलावर ठेवली. ॲडव्हायझरने आधी तिच्याकडे, मग आपल्या पडद्याकडे बघितलं, मॅनेजरला विचारून येतो म्हणाला, आणि बऱ्याच वेळाने सुधारलेलं कार्ड घेऊन आला. मित्राने जुनं कार्डही मागून घेतलं. दोन्हींवर सही-शिक्का झाल्यावर मग त्याने चावी उचलली.