न उडणारी घार

संक्रांत झाली की शिरपुरात पतंग खाली येतात, पण मांजा झाडांवर तसाच राहतो. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली देशभर बंदी घातली, तरी तो मिळतोच. काही वर्षांपूर्वी त्यात अडकलेली एक घार मुलांनी माझ्याकडे आणली. खोक्यात दुधात कुस्करलेली पोळीही होती. माया खरी, पण पक्ष्याला दूध पचत नाही, आणि चोचीत पाणी ओतले तर ते श्वासनलिकेत जाते. अशा वेळी पक्ष्यावर कापड टाकावे, भोके पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवावे आणि वनखात्याला १९२६ वर फोन करावा. आणि हो, भ्यायचे ते चोचीला नव्हे, पंजांना!

पंखाचे हाड मध्येच मोडले तर पुष्कळदा जुळते. सांध्यापाशी इजा झाली की पंख पुरता उघडत नाही. आमच्या घारीचे तेच झाले. डॉक्टर म्हणाले, जगेल, पण उडणार नाही. शेजारी म्हणाले, "मग सर, तुम्हीच पाळा की!" १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ते चालत नाही. ती वनखात्यामार्फत बचाव केंद्रात गेली. मी तिला बघायला जाऊ लागलो, तेव्हा कळले की खरे काम पुढेच असते.

सगळ्यात जपायचे ते पाय. मोकळी घार दिवसाचा बराच वेळ हवेत असते. पिंजऱ्यातली सतत बसून असते, सगळा भार तळव्यांवर. एकाच जाडीच्या गुळगुळीत दांड्यावर ती बसली की तळव्याला घट्टा पडतो, तो चिघळतो, पू हाडापर्यंत जातो. कित्येक शिकारी पक्षी पंखाच्या जखमेतून वाचून या पायांच्या दुखण्याने जातात. म्हणून दांडे कमीजास्त जाडीचे, काथ्याची दोरी गुंडाळलेले असावे लागतात, आणि तळवे वारंवार तपासावे लागतात.

खाण्याचेही तसेच. नुसते मऊ मटण दिले तर कॅल्शियम मिळत नाही. उंदीर किंवा कोंबडीचे पिल्लू अख्खेच द्यावे लागते, हाडांसकट. न पचलेले केस-पिसे घार काही तासांनी गोळी करून ओकते. गोळी पडली की राखणदार निर्धास्त!

बंदिवासात घार वीस वर्षेही जगते. म्हणून तिला ठेवायचे ते कशासाठी, हे आधी ठरवावे लागते. परदेशात परवाना घेऊन असे पक्षी चामडी हातमोज्यावर बसवून शाळांत नेतात, पण तेही माणसाला न बुजणारेच. माणूस दिसताच जाळीवर आपटणाऱ्या पक्ष्याला जगवत ठेवणे ही दया नव्हे, असे माझे मत झाले आहे. आमची घार चौथ्या दिवशी आपणहून खाऊ लागली, म्हणून तो प्रश्न टळला.

मी शाळांत घार नेत नाही, तिचा फोटो नेतो. मुले विचारतात, "ती कधी उडेल?" नाही उडणार, असे सांगतो. मग लांब बांबूला आकडी बांधून आम्ही आवारातल्या झाडांवरचा मांजा काढतो. विजेच्या तारांवरचा मात्र कोणी ओढू नये. त्यासाठी वीज कंपनीच्या माणसांनाच बोलवावे.