जस्ताच्या पत्र्यावर डाग का पडतात?



पाचवीच्या वर्गात मी नेहमी शिकवते, "लोखंडावर जस्ताचा थर दिला की ते गंजत नाही." गेल्या पावसाळ्यात शाळेच्या सायकल शेडसाठी नवे पत्रे आले. ते आठ-दहा दिवस मैदानात एकावर एक रचून ठेवले होते. उघडून बघतो तर पांढऱ्या भुकटीचे डाग! एका मुलीने विचारलं, "बाई, हे तर नवीन आहेत, मग खराब कसे झाले?" माझं शिकवणं अर्धवट होतं, हे तेव्हा कळलं.

थर कसा देतात?

जस्त सुमारे 420 अंश सेल्सिअसला वितळते. कारखान्यात ते साधारण 450 अंशांवर ठेवतात आणि त्यात लोखंड बुडवतात. खांब, पाइप, अँगल अशा वस्तू आधी तेल-ग्रीस काढून स्वच्छ करतात. मग हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवून गंज काढतात, पाण्याने धुतात आणि झिंक अमोनियम क्लोराइडच्या द्रावणातून काढतात.

आपल्या कल्हईवाल्याची आठवण झाली ना? भांडे घासून, तापवून तो नवसागर टाकतो. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइडच. फरक एवढाच, की कल्हई कथिलाची असते.

छपराच्या पत्र्याची पद्धत थोडी वेगळी. पोलादाची लांबच लांब पट्टी भट्टीत हायड्रोजन-नायट्रोजन वायूत तापवून स्वच्छ करतात. मग ती जस्तातून न थांबता जाते. बाहेर येताना हवेच्या जोरदार झोताने जादा जस्त उडवतात. झोत कमी-जास्त झाला तर थरही कमी-जास्त होतो.

दोष कोणते आणि ते कसे टाळतात?

1. उघडे डाग : तेल, गंज किंवा जुना रंग राहिला की तिथे जस्त धरतच नाही. उपाय एकच, नीट सफाई.

2. खरखरीत पुटकुळ्या : जस्तात लोखंड विरघळून घट्ट गाळ तयार होतो. त्याचे कण थरात अडकतात. म्हणून आम्लानंतर नीट धुणे, तापमान स्थिर ठेवणे आणि गाळ वेळोवेळी काढणे गरजेचे.

3. राखेचे पट्टे : वितळलेल्या जस्तावर ऑक्साइडची साय येते. वस्तू बुडवण्याआधी आणि वर काढण्याआधी ती बाजूला सारावी लागते.

4. थेंब व ओघळ : वस्तू घाईने किंवा चुकीच्या कोनात वर काढली, की जस्त निथळत नाही.

यातले बरेच दोष जस्त वाईट म्हणून येत नाहीत, कामातल्या घाईमुळे येतात.

मग आमच्या पत्र्यांचं काय झालं?

दोष कारखान्यातला नव्हता, आमच्याच ठेवण्यातला होता. मोकळ्या हवेत जस्तावर हळूहळू कार्बोनेटचा पातळ, घट्ट पापुद्रा बनतो. तोच खालच्या जस्ताला जपतो. एकमेकांना चिकटलेल्या ओल्या पत्र्यांत पाणी अडकते, पण हवा खेळत नाही. पापुद्रा बनत नाही आणि जस्ताची पांढरी भुकटी होते. हाच पांढरा गंज.

घर बांधणाऱ्या पालकांनी एवढं नक्की करावं : पत्रे जमिनीपासून उंच, तिरपे आणि मधे लाकडी पट्ट्या घालून ठेवा. प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळू नका, आत दमट राहतं. हलके डाग असतील तर पत्रे सुटे करून वाळवा आणि नायलॉनच्या ब्रशने घासा. तारेचा ब्रश नको, त्याने जस्तच निघते. डाग काळपट आणि खोल असतील तर थर किती उरला ते तपासून घ्या.

वर्गासाठी उपक्रम

जस्ताच्या पत्र्याचे तीन तुकडे घ्या. कडा धारदार असतात, म्हणून तुकडे शिक्षकांनीच हाताळावेत. दोन तुकडे ओले करून घट्ट बांधा, तिसरा ओला करून हवेत टांगा. बांधलेले तुकडे ओलसर ठेवा. आठवड्याने तिन्हींची तुलना करा आणि मुलांना कारण लिहू द्या.

आता मी वाक्य थोडं बदललं आहे : "जस्त लोखंडाला जपतं, पण जस्तालाही आपण जपावं लागतं."