मॅक्स रिक्टर: बॅले, सिनेमा आणि रॅम्प

मॅक्स रिक्टर यांचे संगीत अनेकांच्या कानावर पहिल्यांदा पडते ते दुसऱ्याच कशाच्या तरी सोबतीने. कुणी ते सिनेमात ऐकलेले असते, कुणी बॅलेत, कुणी फॅशन शोच्या व्हिडिओत. रिक्टर यांचा जन्म १९६६ साली जर्मनीत हामेलन इथे झाला. ते वाढले इंग्लंडमधल्या बेडफर्डमध्ये. एडिंबरा विद्यापीठ आणि लंडनची रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिक इथले शिक्षण आटोपून ते फ्लॉरेन्सला लुचानो बेरिओ यांच्याकडे शिकले. बेरिओंचे संगीत गुंतागुंतीचे. शिष्याने मात्र मोजके स्वर, संथ लय आणि पुनरावृत्ती यांची वाट धरली. व्हायोलिन-चेलोच्या जोडीला सिंथेसायझर आणि निवेदनाचा आवाज, ही त्यांच्या संगीताची ओळख.

‘ऑन द नेचर ऑफ डेलाइट’ ही त्यांची सर्वांत गाजलेली रचना २००४ च्या ‘द ब्लू नोटबुक्स’ या अल्बममधली. इराक युद्धाचा निषेध म्हणून केलेल्या या अल्बममध्ये अभिनेत्री टिल्डा स्विंटन यांनी काफ्काच्या वह्यांतले उतारे वाचले आहेत. रचना सुरू होते खर्जातल्या तंतुवाद्यांनी. स्वरसंगतींचे तेच आवर्तन फिरत राहते आणि त्यावर व्हायोलिन सावकाश चढत जाते. ठेका नाही, कुठे रडायचे हे सुचवणारी नाट्यमय कलाटणी नाही. पडद्यावरच्या दृश्याला ती जागा देते, आणि दिग्दर्शक वारंवार तिच्याकडे वळतात ते बहुधा म्हणूनच. मार्टिन स्कॉर्सेसींच्या ‘शटर आयलंड’मध्ये (२०१०) ती आहे, ‘अरायव्हल’मध्येही (२०१६) आहे. ‘अरायव्हल’चे मूळ संगीत योहान योहानसन यांचे, पण मोक्याच्या जागी रिक्टर यांची आधीची रचना वापरल्यामुळे ते ऑस्करच्या स्पर्धेतून बाद झाले.

खास सिनेमासाठी त्यांनी केलेल्या कामात ‘वॉल्ट्झ विथ बशीर’ (२००८) हा लेबनॉन युद्धाच्या आठवणींवरचा ॲनिमेशनपट महत्त्वाचा. मुंबईच्या डबेवाल्याकडून चुकीच्या पत्त्यावर गेलेल्या डब्याची गोष्ट सांगणाऱ्या ‘द लंचबॉक्स’चे (२०१३) संगीतही त्यांचेच, हे मराठी प्रेक्षकांपैकी फार थोड्यांच्या लक्षात असते.

त्यांचे सर्वांत कसदार काम मात्र नृत्यातले. नृत्यदिग्दर्शक वेन मॅकग्रेगर यांच्यासोबत लंडनच्या रॉयल बॅलेसाठी त्यांनी २००८ मध्ये ‘इन्फ्रा’ केले आणि २०१५ मध्ये व्हर्जिनिया वुल्फ यांच्या तीन कादंबऱ्यांवरचे ‘वुल्फ वर्क्स’. पडदा उघडतो तो खुद्द वुल्फ यांच्या आवाजाने. बीबीसीने १९३७ मध्ये केलेले हे ध्वनिमुद्रण आजही उपलब्ध आहे. दुसरा अंक ‘ऑरलँडो’वर. या कादंबरीचा नायक तीनशेहून अधिक वर्षे जगतो आणि मध्येच स्त्री होतो. त्यासाठी रिक्टर यांनी ‘ला फोलिया’ ही जुनी चाल निवडली. कोरेली, विवाल्डी अशा कितीतरी रचनाकारांनी या चालीचा विस्तार केलेला आहे. चालीचा सांगाडा तोच आणि रूपे बदलती, त्यामुळे ऑरलँडोसाठी याहून चपखल निवड सापडणे कठीण. तिसऱ्या अंकाच्या आरंभी वुल्फ यांचे अखेरचे पत्र वाचले जाते, आणि मग लाटांसारखे येत-जात राहणारे दीर्घ संगीत सुरू होते.

फॅशनच्या जगात त्यांना नेले डिझायनर किम जोन्स यांनी. जानेवारी २०२१ मध्ये पॅरिसला जोन्स यांचा फेंडी या फॅशन हाउससाठीचा पहिला कुत्यूर, म्हणजे मापाने शिवलेल्या उंची पोशाखांचा, संग्रह सादर झाला. त्यामागची प्रेरणा पुन्हा ‘ऑरलँडो’च. वुल्फ आणि त्यांची जिवलग मैत्रीण व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट यांच्या पत्रांचे वाचन रिक्टर यांनी त्या शोच्या संगीतात गुंफले. बॅलेसाठी केलेला विचार असा कपड्यांच्या सोबतीला आला. रॅम्पवर वेळ जेमतेम पंधरा-वीस मिनिटांचा. चालणाऱ्यांची गती आणि पाहणाऱ्यांचे लक्ष, दोन्ही संगीतालाच सांभाळावे लागते.

जानेवारी २०२४ मध्ये जोन्स यांनी डिओरसाठी केलेला पुरुषांच्या पोशाखांचा संग्रह नर्तक रुडॉल्फ नुरेयेव्ह यांच्यावर बेतलेला होता. त्यासाठी रिक्टर यांनी प्रोकोफिएव्ह यांच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ या बॅलेचे संगीत नव्याने बांधले. विवाल्डींच्या ‘फोर सीझन्स’ची फेरमांडणी ते २०१२ मध्येच करून बसले होते, त्यामुळे हे काम त्यांच्या हातचे होते.