भारतीय कस्टोडियन फोर्स (कोरिया)

भारतीय कस्टोडियन फोर्स हे कोरियन युद्धानंतर मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या युद्धकैद्यांचा ताबा व संरक्षण यांसाठी भारताने १९५३-५४ मध्ये कोरियात पाठवलेले दल होते. त्याचे नेतृत्व कोल्हापूरचे मेजर जनरल (नंतर लेफ्टनंट जनरल) शंकरराव पांडुरंग पाटील थोरात यांच्याकडे होते. मानवतावादी कामासाठी युद्धभूमीवर गेलेल्या परकीय दलाने शस्त्रे बाळगावीत काय आणि ती केव्हा वापरावीत, या प्रश्नाच्या संदर्भात या दलाचा अनुभव महत्त्वाचा मानला जातो.

पार्श्वभूमी

सर्व कैदी परत मिळावेत, अशी चीन व उत्तर कोरियाची मागणी होती. कोणालाही सक्तीने परत पाठवू नये, अशी संयुक्त राष्ट्रांच्या सेनापथकाची भूमिका होती. या वादामुळे युद्धविराम दीर्घकाळ लांबला. अखेर ८ जून १९५३ रोजी झालेल्या समझोत्यानुसार भारत, स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड व चेकोस्लोव्हाकिया या देशांचा तटस्थ राष्ट्र प्रत्यावर्तन आयोग नेमण्यात आला. लेफ्टनंट जनरल के. एस. थिमय्या हे आयोगाचे अध्यक्ष होते. कैद्यांवर पहारा ठेवणारे दल मात्र केवळ भारताने पुरवावे, असे ठरले. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांनी भारतीय सैनिकांना आपल्या भूमीवर पाय ठेवू देण्यास नकार दिल्याने त्यांना हेलिकॉप्टरने निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले.

शस्त्रविषयक अटी

समझोत्यात दोन अटी होत्या. दलाची शस्त्रे लष्करी पोलिसांच्या धर्तीवरील लघुशस्त्रांपुरती मर्यादित राहतील, ही पहिली. आणि कैद्यांनी परत जावे किंवा जाऊ नये यासाठी त्यांच्यावर बळाचा वापर करता येणार नाही अथवा तशी धमकीही देता येणार नाही, ही दुसरी. म्हणजे दल सशस्त्र असले, तरी ज्या प्रश्नासाठी ते आले होते तो शस्त्रबळावर सोडवण्यास त्याला मनाई होती. दुसरीकडे धोका वास्तव होता. ऱ्ही यांनी १८ जून १९५३ रोजी सुमारे २७,००० उत्तर कोरियाई कैदी परस्पर सोडून दिले होते. त्यामुळे छावणीला बाहेरूनही धोका संभवत होता.

छावणीतील परिस्थिती

संयुक्त राष्ट्रांच्या बाजूकडून २२,६०४, तर चीन-उत्तर कोरियाकडून ३५९ कैदी दलाच्या ताब्यात आले. मोठ्या छावणीतील कुंपणांच्या आत कैद्यांच्या साम्यवादविरोधी संघटनांची पकड होती. मायदेशी जाऊ इच्छिणाऱ्या कैद्याला सहकाऱ्यांची नजर चुकवून, प्रसंगी तारांवरून उडी मारून, भारतीय पहारेकऱ्यांपर्यंत पोहोचावे लागे. कैद्यांकडून कैद्यांचे खूनही झाले. त्यांवरील खटले ताब्याची मुदत संपेपर्यंत पूर्ण होऊ शकले नाहीत.

सप्टेंबर १९५३ मध्ये कैद्यांनी मेजर एच. एस. ग्रेवाल यांना कुंपणाच्या आत ओढून नेऊन ओलीस ठेवले. थोरात स्वतः आत गेले, कैद्यांशी बोलले आणि बळाचा वापर न करता ग्रेवाल यांची सुटका झाली. ऑक्टोबरच्या आरंभी मात्र कुंपण तोडू पाहणाऱ्या जमावांवर पहारेकऱ्यांना गोळीबार करावा लागला व त्यात काही कैदी ठार झाले.

बळाच्या वापरावरील मतभेद

१५ ऑक्टोबर १९५३ पासून प्रत्येक बाजूचे प्रतिनिधी कैद्यांना परतण्याविषयी समजावून सांगणार होते. अनेक गटांनी त्यासाठी बाहेर येण्यास नकार दिला. कैद्यांच्या संघटना मोडून त्यांना आणावे, असे पोलंड व चेकोस्लोव्हाकिया यांचे म्हणणे होते; स्वित्झर्लंड व स्वीडन यांचा त्यास ठाम विरोध होता. संघटना मोडल्याशिवाय कैद्यांची खरी इच्छा कळणार नाही, या युक्तिवादात तथ्य होते. पण ती मोडण्यासाठी मोठी प्राणहानी पत्करावी लागली असती. एकमत नसताना भारताने बळ वापरले नाही. परिणामी बहुसंख्य कैद्यांना समजावणी मिळालीच नाही.

समाप्ती

समजावणीची मुदत २३ डिसेंबर १९५३ रोजी संपली. जानेवारी १९५४ मध्ये उरलेले कैदी पूर्वीच्या बाजूंकडे सोपवण्यात आले. तटस्थ देशात जाऊ इच्छिणाऱ्या ८८ जणांना दलाने मायदेशी परतताना भारतात आणले. थोरात यांचे ‘फ्रॉम रिव्हेली टू रिट्रीट’ हे आत्मचरित्र १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले.

नंतरच्या मोहिमांतील प्रश्न

संयुक्त राष्ट्रांच्या पोलिसांबाबत हाच प्रश्न पुढे पुन्हा उद्भवला. नामिबिया (१९८९-९०) व बॉस्निया (१९९५ नंतर) येथे स्थानिक पोलिसांवर देखरेख करणारे परदेशी पोलीस निःशस्त्र होते. कोसोव्होत (१९९९ नंतर) अटक व तपासाची जबाबदारी त्यांच्यावरच असल्याने ते सशस्त्र होते. लायबेरियात २००७ मध्ये गेलेले केंद्रीय राखीव पोलीस दलाचे भारतीय महिला पथकही सशस्त्र होते. शस्त्रे द्यावीत की नाहीत, हे दलावर सोपवलेल्या कामावरून ठरत आले आहे. मात्र हाती शस्त्र आल्याने ते वापरण्याचा अधिकार आपोआप मिळत नाही, हे कोरियातील समझोत्याने लेखी स्वरूपात स्पष्ट केले होते.