चढाईचा फुटबॉल

सातारा-सांगलीकडील मुलांस खोखो निराळा शिकवावा लागत नाहीं. पाठलाग करणारा एक, बसलेले आठ. तरी पळणाऱ्यास धाक वाटतो तो बसलेल्यांचाच, कारण 'खो' कोणास मिळेल हें त्यास ठाऊक नसतें. फुटबॉलमधील पुढें सरसावून दाबण्याची रीति आम्ही याच दाखल्यानें समजावितों.

या रीतींत चेंडू गमावतांच आपल्या गोलाकडे न परततां तेथेंच तो हिसकावयाचा असतो. ज्याच्या पायीं चेंडू असेल त्यास एकानें कडेच्या रेषेकडे रेटावें, दोघांनीं त्याचे जवळचे सोबती अडवावे, बचावफळीनें मध्यरेषेजवळ सरकावें. पाठीमागील मोकळें मैदान ऑफसाइडचा नियम व सावध गोलरक्षक राखतात.

१९७४ च्या विश्वचषकांत रिनस मिखेल्स यांच्या हॉलंड संघानें ही रीति जगास दाखविली. क्रायफसारखा नामांकित गडीहि चेंडूमागें धांवे. अंतिम सामन्यांत पश्चिम जर्मनीनें त्यांस २-१ असें हरविलें, पण रीति टिकली. १९८९ सालीं साक्की यांच्या मिलान संघानें तिच्याच बळावर युरोपियन चषक जिंकला.

अडचण पायांची नसून मनाची आहे. गोल करणाऱ्यास टाळ्या मिळतात. प्रतिपक्ष्यास कडेला रेटणाऱ्याचें नांवहि कोणी घेत नाहीं. म्हणून एकजण उभा राहतो, आणि इतरांची धांव फुकट जाते. शरीराच्या अवयवांविषयीं पौलानें लिहिलें तें येथेंहि खरें ठरतें.

पालकांनीं मुलास "गोल किती केलेस?" एवढेंच न विचारतां "चेंडू गेल्यावर काय केलेंस?" हेंहि विचारावें.